आराशीतली गाडी

अकोल्याच्या आमच्या घरी महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्यापुढे आगगाडी धावते. बाबांची खेळण्यातली गाडी, पण खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नाही. मेळघाटातून जाणारी छोटी लाईन त्यांनी लहानपणी डोळ्यांत साठवली होती. ती बंद पडायच्या कितीतरी आधीच कागदाचा लगदा करून त्यांनी तिचा अख्खा घाट उभा केला.

गाडी बाबा चालवत, पुढे भाऊ चालवू लागला. आई आणि मी स्वयंपाकघरात. पुरणाच्या आणि तळणाच्या वाफेनं रुळांवर तेलकट थर बसतो आणि इंजिन अडतं. मग मला हाक यायची. मी स्पिरिटचा बोळा घेऊन गुडघ्यांवर बसायचे, रूळ पुसायचे आणि परत पोळ्या लाटायला जायचे. वेगाच्या बटणाला हात लावला की बाबा म्हणत, हे पोरींचं काम नाही. पुसणं तेवढं पोरींचं.

माझ्या सासरी महालक्ष्म्या नाहीत, त्यामुळे आजही मी दरवर्षी अमरावतीहून कंबर कसून जाते. यंदा भाऊ आलाच नाही. त्याच्या मुलालाही गाडीत रस नाही. बाबांचे हात थरथरतात. गौरी उठल्यावर त्यांनी सगळा पसारा खोक्यांत भरला आणि माझ्या नवऱ्यापुढे ठेवला.

"जावईबापू, आता हे तुमीच सांभाळा."

ज्याला घरातला फ्यूज बदलता येत नाही, त्याला! मी तिथंच भांडी आवरत होते. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

नवऱ्यानं खोकी अमरावतीला आणून माळ्यावर टाकली. एका रविवारी लेकीनं हट्ट धरला, म्हणून मी ती खाली काढली. रूळ पुसले, घाट जोडला. मला कोणी शिकवलं नव्हतं, पण सांधा न् सांधा हातांना पाठ होता. बटण लेकीच्या हातात दिलं. गाडी निघाली.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "जावईबापूनं लावली काय?"

मी हो म्हणाले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला आता काय समजावत बसायचं?

लेकीनं माझ्या हातातला फोन घेऊन स्पीकरवर टाकला. "आबा, आईनं लावली. मी चालवून राहिली."

मला वाटलं, आता ते फोन ठेवतील.

"मंग घाटात हळू घे," बाबा म्हणाले. "मागचा डबा रूळ सोडते तिथं."

लेकीनं वेग कमी केला. डबा नीट वळला. हे एवढं एक वाक्य आपल्याला उद्देशून यावं, म्हणून मी किती वर्षं त्या आराशीपुढे गुडघे टेकले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि पोटच्या पोरीचा हेवाही वाटला.