त्याला फिट आली नव्हती

माझा धाकटा भाऊ आता सत्तरीला आला आहे. म्हैसूरच्या आमच्या विठ्ठल मंदिरात आणि देवराज मोहल्ल्यातल्या दुकानांत त्याला सगळे ओळखतात. कुणा नवख्याला त्याच्याविषयी सांगायचं झालं की आवाज जरा खाली येतो, "त्यांना लहानपणापासून फिट येते हो." हे खरं नाही. त्याला फिट कधीच आली नव्हती. जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि ते मी परवापरवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं शिंप्याचं दुकान. माझ्या लहानपणी तिथं कोळशाची इस्त्री होती आणि सकाळी ती पेटवायचं काम माझ्याकडे होतं. आमचे वडील, अप्पा, बजावायचे, "आधी नीट फुंकून घे. निखारा लाल झाला की मग मध्ये थांबायला नको." मी पुठ्ठ्यानं जोरजोरात वारा घालायचो. राख उडायची, इस्त्री तापायची आणि बराच वेळ तापलेली राहायची. माणसाच्या छातीचंही असंच असणार, आधी भरपूर हवा घातली की मग बराच वेळ पुन्हा हवा लागणार नाही, असं मी कधीतरी मनाशी ठरवून टाकलं. शाळेत कुणी तसं शिकवलं नव्हतं. मी इस्त्रीकडून शिकलो.

नंजनगूडला एका नातेवाइकाच्या मुलाचं जावळ होतं. मोठी माणसं घाटावर न्हाव्याभोवती बसली होती आणि आम्ही मुलं कपिला नदीत उतरलो होतो. मी दुकानातून अप्पांचं पितळी अंगुस्तान बोटात घालून आणलं होतं, उगाच मिरवायला. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती टोपी. पाण्यात हात मारताना ते निसटलं. तिथं खोली माझ्या उंचीच्या दुपटीहून जास्त होती. मी बुडी मारली, पण कान दुखायला लागले म्हणून अर्ध्यातून वर आलो. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण पाण्यात मासा. तो दोनदा तळाला जाऊन आला, रिकाम्या हातानं.

"अण्णा, दम पुरत नाही रे. दिसतंय, पण हात जाईपर्यंत वर यावंसं वाटतं."

"मग आधी फुंकून घे. जोरात घे, जोरात सोड. इस्त्रीसारखं. थांबू नकोस."

तो पायरीवर उभा राहून भात्यासारखा धापा टाकू लागला. मध्येच हसला. "बोटांना मुंग्या येतायत."

"येऊ देत. म्हणजे भरलं."

आणि वर मी म्हणालो, "घरी उसिरेत्तबेड हं." म्हैसूरकडच्या आमच्या मराठीत कन्नड असं अधूनमधून येतंच. 'बोलू नकोस' याला कन्नडमध्ये 'श्वास उचलू नकोस' असं म्हणतात. मला अप्पांच्या माराची भीती होती, एवढंच.

तो खाली गेला. बराच वेळ वर आला नाही, आणि माझी युक्ती चालली म्हणून मी खूश झालो. मग त्याचं डोकं वर आलं. तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला मी दिसत नव्हतो. हात दोन-तीनदा झटकले गेले आणि तो पुन्हा पाण्याखाली गेला. शेजारी कपडे धुणाऱ्या एका माणसानं त्याला दंडाला धरून ओढलं आणि पायऱ्यांवर आणून टाकलं. तिथंही हातपाय थोडे झटकत होते. "फिट्स! फिट्स!" कुणीतरी ओरडलं. एका बाईनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, कारण फिट आलेल्याच्या हातात लोखंड द्यायचं असतं. मूठ घट्ट मिटलेली होती. दोघांनी ती उलगडली तेव्हा आत अंगुस्तान होतं. त्यांनी ते बाजूला टाकलं आणि किल्ल्या कोंबल्या.

मी अंगुस्तान उचलून खिशात घातलं.

भावानं खोकून श्वास घेतला, डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलला तो "सिक्तु, अण्णा." सापडलं. लोकांना वाटलं, पोरगं बरळतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगुस्तान अप्पांच्या डब्यात जागच्या जागी होतं. भावाला डॉक्टरकडे नेलं होतं. गर्दीनं जे पाहिलं तेच आईनं सांगितलं, आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे गोळ्या दिल्या. त्यात त्यांची चूक नव्हती. पुढे त्याला परत कधी काही झालं नाही. त्याचं श्रेय गोळ्यांना गेलं, त्यामुळे गोळ्या बंद करायची कुणाची छाती झाली नाही.

त्याचं काय काय बंद झालं ते सगळं आता आठवत नाही. पोहणं आणि सायकल लगेच बंद झाली. दुकानात मोटरची मशीन आली तेव्हा अप्पांनी त्याला तिच्यावर बसू दिलं नाही, हात मध्ये गेला तर म्हणून. तो काज, बटणं, हूक करत राहिला. त्याच्या हातची काजं अशी की दुसरे शिंपी कपडे पाठवून करून घ्यायचे. गावाबाहेर कडकोळला कपड्यांचा कारखाना निघाला, तिथं मशीनवर माणसं हवी होती. त्याला फार जायचं होतं. "तिथं पडलास तर कोण उचलणार?" अप्पा म्हणाले. सोयरीक एकदा जमत आली होती. मुलीच्या मामाला मोहल्ल्यातच कुणीतरी खालच्या आवाजात सांगितलं. तो आमच्याकडेच राहिला, वरच्या खोलीत. माझी मुलं त्याच्या मांडीवर वाढली, पण माझ्या आईनं एकाही बाळाला उभ्यानं त्याच्या हातात दिलं नाही. "आधी बस," म्हणायची. मंदिरात आरतीचं ताट सगळ्यांच्या हातातून फिरतं. त्याच्यापाशी आलं की एखादा हात मध्ये येऊन ते पुढे न्यायचा. तो नुसती टाळी वाजवायचा.

लहान होतो, घाबरलो, हे एकवेळ समजून घेता येईल. पण माझ्या तिशीत मी त्याला दुसऱ्या एका डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी विचारलं, "एकदाच आली? त्याच्या आधी तो काय करत होता? कुणी पाहिलं होतं?" भावानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काही नाही, पोहत होता." गोळ्या चालू राहिल्या. त्या दिवशी मी लहान नव्हतो.

आता माझ्या नातीविषयी. ती इथंच एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. सुट्टीत अंदमानला जाऊन फ्रीडायव्हिंग शिकून आली, म्हणजे पाठीला सिलिंडर न बांधता एका श्वासावर समुद्रात खोल जायचं. मला झोप लागत नाही आणि ब्लडप्रेशर आहे, म्हणून तिनं मला हॉलमध्ये चटईवर आडवं केलं.

"आजोबा, सुम्ने, नुसते निवांत पडा. एक हात पोटावर. नाकानं घ्या, पोट वर आलं पाहिजे, छाती नाही. आता सोडा. हळू. घेतलात त्याच्या दुप्पट वेळ लावून. ओठ बारीक करा, सुईत दोरा घालताना करता तसे."

"शिंप्याला सुई शिकवतेस?"

"मग येतंच की तुम्हाला."

खरंच येत होतं. महाग रेशमावर कात्री चालवताना अप्पा सांगायचे, श्वास सोडत कापायचं. धरून ठेवलास तर हात अडखळतो. मी जन्मभर तसंच कापत आलो. कात्रीचा श्वास मला ठाऊक होता आणि भावाला मी इस्त्रीचा दिला.

थोड्या वेळानं बरं वाटलं तशी मी जरा जोरात, भराभर घ्यायला लागलो. तिनं माझ्या पोटावरच्या हातावर चापट मारली. "असं नाही! पाण्यात जायच्या आधी तर कधीच नाही. माणूस मरतो त्यानं."

"का? हवा भरून घेतलेली बरी नाही का?"

"हवा जास्त भरत नाही हो. आतली खराब हवा तेवढी बाहेर जाते. श्वास घ्यावासा वाटतो तो खराब हवा साठली म्हणून. ती नसली की घंटाच वाजत नाही. माणसाला वाटतं, मी मजेत आहे. आणि वर येता येता बेशुद्ध. कधी तर पाण्याबाहेर डोकं काढल्यावर. हात असे असे झटकतात, बघणाऱ्याला वाटतं फिट. म्हणून आम्ही एकट्यानं जात नाही. एक जण वर थांबून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो, वर आल्यावरसुद्धा."

मी छताकडे बघत पडून राहिलो. "बोटांना मुंग्या येतात का आधी?"

"येतात. तुम्हाला कसं माहीत?"

तिच्या आधी भावाला सांगायला हवं होतं. दुपारी जिना चढून वर गेलो. भाऊ खिडकीशी कुणाच्या तरी शेरवानीची काजं करत बसला होता. मी सगळं सांगितलं. इस्त्री, मुंग्या, नातीनं सांगितलेली घंटा, डॉक्टरांचा प्रश्न. त्याची सुई थांबली नाही. काज पूर्ण झालं तेव्हा त्यानं दोरा दातानं तोडला.

"फुंकून घेतलं होतं ते मला आठवतं. तू म्हणालास उसिरेत्तबेड. मी नाही उचलला श्वास."

"डॉक्टरांपुढे तरी सांगायचंस."

"तू होतास की तिथं. मोठा तू. मला वाटलं, ती फुंकाफुंकी वेगळी आणि रोग वेगळा." मग म्हणाला, "म्हणजे कडकोळला मी जाऊ शकलो असतो."

"हो."

"मोटरच्या मशीनवर."

"हो."

मी त्या मोडलेल्या सोयरिकीच्या उल्लेखाची वाट बघत होतो. त्यानं शेरवानी घडी करून ठेवली आणि म्हणाला, "जा खाली. जेवायला येणार नाही म्हणून सांग." पुढे बरेच दिवस त्याचं ताट वर जात होतं.

मग नातीलाही सगळं सांगितलं, आणि ती त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मीही गेलो, आणि या वेळी विचारायच्या आत बोललो. तपासण्या झाल्या. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करू, असं त्यांनी सांगितलं. परतताना रिक्षात भाऊ पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलला.

"डॉक्टरला सांगितलंस, मला सांगितलंस. मला फिट येते हे मोहल्ल्याला कुणी सांगितलं होतं?"

"लोकांनीच."

"मग लोकांना सांग ना. माझ्या कानात काय सांगतोस?"

एकादशीच्या भजनानंतर, आरतीच्या आधी, मी उभा राहिलो. मंदिरात आमच्या समाजातलीच सगळी घरं जमली होती. बोलायच्या आधी नातीनं शिकवलं होतं तसा श्वास लांब सोडला. आवाज तरी बरा निघाला. इथं लिहिलं आहे तेवढंच सांगितलं. मागून एक म्हातारा ओरडला, "ऐकू येत नाही, जोरात!" म्हणून 'मी खोटं बोललो' हे वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं. एक बाई म्हणाल्या, "आता सांगून काय उपयोग?" त्यांचं चूक नव्हतं. पुजाऱ्यांनी आरती सुरू केली.

ताट फिरत फिरत आमच्या रांगेत आलं. सवयीनं शेजारच्याचा हात मध्ये आला आणि हवेतच थांबला. भावानं ताट घेतलं. ज्योती हलत होत्या, तेल काठाशी येत होतं. मी त्याच्या बाजूला उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यानं एक फेरी ओवाळली, दुसरी ओवाळली. मग माझ्याकडे न बघता, टाळांच्या आवाजातून मला ऐकू येईल इतपत म्हणाला,

"उसिरु बिडु, अण्णा. श्वास सोड. नाहीतर तूच पडशील इथं."