परत केलेलं कार्ड

पाय आधी जातील, हात शेवटी, असं डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाबद्दल आईला सांगितलं होतं. स्नायूंचा आजार. सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याचं चालणं संपलं, पण बोटं शाबूत होती आणि त्या बोटांनी तो कॉम्प्युटरवर गाड्या पळवायचा. मग शर्यतीचा एक नवा गेम आला, तो आमच्या डबड्यावर चालेना. ग्राफिक्स कार्ड लागेल, म्हणाला. हात आहेत तोवर त्याला ती गाडी चालवायची होती. बस, एवढंच मागणं.

मी तेव्हा राहनाळच्या एका गोदामात कारकून. नवं कार्ड आमच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी जुन्या मालाची दुकानं पालथी घालायची. भाऊ मासिकं वाचून मला पढवायचा: मेमरी किती ते विचार, आपल्या बोर्डात बसतं का बघ, कंडेन्सर फुगलेले असतील तर हातही लावू नकोस. दुकानदारांना वाटायचं, बाई आहे, काहीही गळ्यात मारा. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा. मेथीची जुडी मी कधी सांगितल्या भावात घेतली नाही, ती कार्ड घेईन?

शेवटी निजामपुऱ्यात बंद पडलेल्या एका गेम पार्लरचं कार्ड निम्म्याहून कमी भावात पटवलं. गेम चालला. भाऊ नुसता हसत गाडी पळवत राहिला. आईनं देवापुढं साखर ठेवली. पण थोड्या वेळानं कार्ड तापायचं आणि चित्र गोठायचं. पार्लर कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यावरच होतं ना, कार्डाच्या पंख्यात कापसाची तूस गच्च बसलेली.

बाबा एका लूमच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. तूस म्हटली की त्यांना एकच इलाज ठाऊक, हवा मारायची. शिफ्ट सुटल्यावर कामगार अंगावरची तूस कंप्रेसरच्या नळीनं उडवतात, तसंच त्यांनी कार्ड धरलं त्या नळीखाली. मला न विचारता. संध्याकाळी रुमालात गुंडाळून घेऊन आले आणि एक कण ठेवला नाही म्हणून सांगत सुटले. पंख्याची पाती तुटली होती. तसंच लावून पाहिलं तर कार्ड जळालं.

मी बाबांना नको नको ते बोलले. भाऊच मध्ये पडला, राहू दे ताई, त्यांना काय माहीत. बाबा जेवले नाहीत. मला त्यांची दया आली नाही, अजून येत नाही. घरात एक काम धड होत होतं, तेही घालवलं.

दुसरं कार्ड मिळेपर्यंत पावसाळा गेला, दिवाळी गेली. तेवढ्यात भावाच्या हातून चमचा पडायला लागला. आई निमूटपणे भरवायला लागली. मी मात्र वेड्यासारखी दुकानं फिरत होते.

मिळालं एकदाचं. स्वच्छ, झकास, पंखासुद्धा नव्यासारखा. मी त्याचा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. शर्यत सुरू झाली आणि आमची गाडी जागेवरच. त्याचं बोट बाणाच्या बटणावर होतं, पण बटण खाली जात नव्हतं. मी शेजारीच उभी होते, मला स्वच्छ दिसत होतं. बाकीच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या.

पडद्याकडं बघतच तो म्हणाला, "ताई, कार्ड बोगस आहे. परत करून ये."

दारात बाबा उभे होते. तेही म्हणाले, हो, फसवलं मेल्यानं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन तमाशा केला. दुकानदारानं शांतपणे कार्ड आपल्या मशीनला लावलं, तोच गेम सुरू केला. गाडी सुसाट.

"मॅडम, इसमें खराबी क्या है, दिखाओ ना."

काय दाखवणार होते मी? खराब आहे म्हणजे आहे, घ्या परत, असं ओरडत राहिले. माणसं जमली. शेवटी ब्याद टळावी म्हणून त्यानं निम्मे पैसे काउंटरवर टाकले.

घरी येऊन भावाला सांगितलं, "तुझं बरोबर होतं. कार्डच खराब होतं."

"बघ," तो म्हणाला. मग त्यानं आईला कॉम्प्युटरवर कापड टाकायला सांगितलं.