बाकीचे चार का नाय?

किस्से कुणी ठरवून जमा करत नाय. फ्रिज सरकवला की मागं काय काय सापडतं बघा, डब्याचं झाकण, वाळलेला लिंबू, पोरीचं लहानपणचं खेळणं. आपण टाकलेलं नसतं, पण निघतं आपल्याच घरातनं. आमच्या तळघरात तीन पोरं दीड वर्ष डॉक्टरीच्या अभ्यासाला बसली. मी चहा घेऊन खाली जायचो, दोन शब्द सुनावायचो, परत वर यायचो. तेवढ्यात एवढं साठलं!

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. थोरल्या भावानं कागदं भरली म्हणून बायको-पोरीला घेऊन अमेरिकेत एडिसनला आलो आन् एका देशी किराणा दुकानात माल उतरवायला लागलो. अजून तेच करतोय. डोकं गरम, तोंड फटकळ. पोरगी शीतल, डीओ कॉलेजात.

अमेरिकेत डॉक्टर दोन प्रकारचे, एमडी आन् डीओ. डीओ पण औषध देतो, ऑपरेशन करतो, वर हातानं हाडं-स्नायू चाचपून दुखणं ओळखायचं शिकतो. लायसनची परीक्षा त्यांची वेगळी असती. हे मला नंतर कळलं. आधी मी गावाकडं धाकट्या भावाला फोनवर सांगून बसलो, "शीतल हाडवैद्य होणार!"

शीतल मागंच उभी. "पप्पा! मी सगळी औषधं पण प्रिस्क्राइब करणार आहे!"

भावानं तेवढंच ऐकलं. त्या दिवसापासनं गावाकडनं गुडघ्यांचे फोटो येतायत.

*

अभ्यासाला तिघं. शीतल. दुसरा रोहन, पार्सिपनीचा, आईबाप पुण्याचे, आयटीतले, हा हितंच जन्मलेला. तिसरा टायलर, पेनसिल्व्हेनियातला गोरा पोरगा, घरी गाईंचा गोठा. शीतल सोडून दोघं मला काकाच म्हणायची.

ह्या पोरांच्या तोंडात एकच शब्द, रिसोर्स. म्हणजे अभ्यास कशातनं करायचा ते. कंप्युटरवर हजारो प्रश्नांच्या क्वेश्चन बँका, व्हिडिओ, मोबाइलवरची कार्डं, जाडी पुस्तकं. चौथ्या रविवारी चहा घेऊन गेलो तर रोहननं भिंतीवर चार्ट लावलेला. हिरवा, पिवळा, लाल. कुठल्या रिसोर्सला किती स्टार.

"प्रश्न किती सोडवले?" मी विचारलं.

"काका, आत्ता आम्ही सिलेक्ट करतोय. स्ट्रॅटेजी असते."

"महिना झाला! बियाणं निवडत बसलास तर वाफसा जाईल की!"

रोहननं शीतलकडं बघितलं, "वाफसा म्हणजे?" शीतलला पण सांगता येईना. मंग मीच मोडक्या इंग्लिशमधे टायलरला सांगितलं, पाऊस पडून जातो, जमीन ना लई ओली ना कोरडी, तेवढ्या चार दिवसांतच पेरायचं असतं.

टायलरनं लगेच मान हलवली. "येस काका. मिस दॅट, यू मिस द इयर."

दोन मराठी पोरं आन् कळलं गोऱ्याला!

*

रोहनच्या घरी सत्यनारायण होता. गुरुजी कथा सांगतायत, सगळे हात जोडून बसलेत, आन् आमची शीतल ओढणीआड मोबाइलवर कार्डं उलटतीय. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर.

मी हळू आवाजात म्हणलं, "देवासमोर तरी ठेव तो!" माझा हळू आवाज शेजारच्या घरात जातो.

"पप्पा, नऊशे कार्डं ड्यू आहेत. आज सोडली तर उद्या अजून चढतील."

गुरुजी थांबले. मला वाटलं, आता पोरीला चांगलं झापतात. ते म्हणाले, "असू द्या हो. मी पण मोबाइलवर बघूनच सांगतोय. फक्त माझी बॅटरी संपत चाललीय. चार्जर आहे का कुणाकडे?"

*

हातानं चाचपायचं शिकायला माणूस लागतो. तो मी. रविवारी दुपारी शर्ट काढून तळघरातल्या टेबलावर पालथा पडायचो. रोहनचा एक हात माझ्या पाठीवर, डोळे लॅपटॉपवर.

"काका, मोठा श्वास घ्या. सोडा. परत घ्या. हे व्हिडिओतल्यासारखं होत नाहीये. तुमची बरगडी चुकीची हलते."

"मंग व्हिडिओला झोपव हितं!"

मंग टायलर आला. डोळे मिटले, हात ठेवला, बराच वेळ तसाच. "काका, ओझं उजव्या खांद्यावर घेता?"

खरं होतं. लहानपणापासनं पोती उजव्याच खांद्यावर. मी म्हणलं, तुला कोणी सांगितलं?

"कुणी नाय. गोठ्यात शिकलो. काउज डोंट टेल यू."

गाय म्हणला मला! चिडणार होतो. पण पालथा पडून विचार केला, डॉक्टरकडं येणारी निम्मी माणसं तरी कुठं धड सांगतात, कुठं दुखतंय ते.

*

आता जरा जड गोष्ट.

लायसनच्या परीक्षेचा पहिला निकाल आला. रोहन पास. टायलर पास. शीतल नापास.

झालं असं. कॉलेजातल्या सगळ्या सीनियरांनी सांगितलेलं, अमुक एक क्वेश्चन बँक बेस्ट. ती बेस्टच होती, पण ती एमडीच्या परीक्षेची. शीतलनं सगळा जोर तिच्यावर लावला. डीओचा जो खास भाग, हाताचा, मणक्यांचा, बरगड्यांचा, तो ठेवला शेवटच्या दहा दिवसांवर. आन् डीओची परीक्षा डीओचंच विचारणार की! कॉलेजचं पत्र आलं. हॉस्पिटलची ड्युटी बंद, आधी परीक्षा परत द्या. परत नापास झालात तर कमिटी बसंल, नाव कायमचं निघू शकतं.

माझं डोकं सटकलं. "आठ रिसोर्स! टेबलावर चहा ठेवायला जागा नव्हती! काय कमी पडलं तुला?"

ती रडली नाय. म्हणाली, "कमी नाही पडलं, पप्पा. आठातलं एक पण मी पूर्ण नाही केलं."

मी खुर्ची ओढून बसलो. गॅसपाशी बायको उभी होती, कमल. ती मागं न बघता म्हणाली, "ओरडा की आता."

*

नापास झाल्याची बातमी फुटली आन् सल्ले सुरू झाले. कमलची मावसबहीण बेलव्ह्यूला असती, तिचा पोरगा एमडी. तिनं व्हॉट्सॅपवर लिस्ट धाडली. अकरा नावं. आमच्याकडं आधीचे आठ होतेच.

मी फोन लावला. "ताई, ह्यातलं एक तरी नाव खोडून द्या."

"खोडायचं कशाला दाजी? सगळंच बेस्ट आहे!"

"ताटात अकरा भाज्या वाढल्या तर पोरगी जेवंल का भाज्या मोजंल?" म्हणलं आन् फोन कापला.

कमल दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "खोडा म्हणालात ते बरोबर होतं. फोन कापलात ते नव्हतं."

*

त्या रविवारी टायलर आन् रोहन भेटायला आले. शीतलनं टायलरला विचारलं, "खरं सांग, तुझं कुठलं रिसोर्स बेस्ट होतं?"

तो म्हणाला, "द वन आय फिनिश्ड."

रोहन उसळला, "ब्रो, हा काय डेटा आहे?"

"नो," टायलर म्हणाला. "बट इट्स डन."

मला आवडलं. पण शीतलला एक ठरवायचंच होतं. फक्त डीओसाठी केलेल्या तीन क्वेश्चन बँका उरल्या होत्या, आन् आठवडा झाला तरी तिचं ठरंना. सारखी लोकांची मतं वाचायची, सारखी बदलायची. आदल्या खेपेला दुसऱ्यांचं ऐकून फसलेली, आता स्वतःचं पण खरं वाटंना.

मी दुकानातनं आणलेली गवार मोडत बसलो होतो. म्हणलं, "मला वाचून दाखव. मराठीत."

"पप्पा, तुम्हाला काय कळणार?"

"नाय कळलं तर नाय कळलं. वाच."

तिनं पहिल्या बँकेतला प्रश्न घेतला. एक बाई, तीन आठवडे खोकला, कूस दुखती, बरगडीवर दाबलं की कळ येती. कारण काय? खाली पाच उत्तरं. शीतल म्हणाली, बी.

"मंग बाकीचे चार का नाय?"

तिनं स्क्रीन वर-खाली केली. तिथं काही नव्हतं. बी बरोबर, एवढंच.

"हा मास्तर नाय, हे निकालपत्र हाय. काढ."

दुसरीत उत्तर एवढं लांबडं, सांगता सांगता तीच हरवली. माझी सगळी गवार मोडून झाली तरी बाईच्या बरगडीपर्यंत आम्ही पोचलोच नाय. "काढ."

तिसरीत चारही चुकीची उत्तरं, प्रत्येकाला दोन ओळी, हे का नाय. आन् शेवटी एक ओळ, हात कुठं ठेवला तर काय लागंल. शीतलनं सांगितलं आन् मला कळलं. मला!

ती ठेवली. सोबत हाडांचं एक बारकं पुस्तक. बाकी सगळं तिनं एका बैठकीत कॅन्सल केलं. शेवटच्याला बोट अडलं. "पप्पा, ह्यातच काहीतरी इम्पॉर्टंट असलं तर?"

"असंल," म्हणलं. "राहील ते."

हे बोलायला सोपं होतं. परीक्षा तिची होती. त्या दिवशी जेवताना माझ्या मनात एकच, आपण आडाण्यानं पोरीचं वाटोळं तर नाय केलं?

पण पाळलं तिनं. रोज मी कामावरनं आलो की चाळीस प्रश्न. मी भाजी निवडायचो आन् विचारायचो, बाकीचे चार का नाय? एकदा दमली होती. म्हणाली, "पप्पा, असंच असतं ते!"

"असंच असतं म्हणायला तू सासू हायस का? सांग!"

चिडली, पण सांगितलं. चारही.

*

परीक्षा झाली. निकालाला आठवडे लागतात. विचारायचं नाय, असा तिचा हुकूम. मी तिला नाय विचारलं. कमलला दिवसातनं चारदा विचारलं.

एक दिवस दुपारी मी दुकानाच्या मागं ट्रकमधनं कांद्याची पोती उतरवत होतो. शीतल आली. दारात उभी. डोळे लाल, पाणी.

"काय झालं गं?"

"पप्पा, प्रश्न ऐका," ती म्हणाली. "अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. रागीट. कांद्याची पोती उतरवतोय. दुपारी त्याची मुलगी अचानक कामावर येते. डोळ्यांत पाणी. कारण काय? ए, कार ठोकली. बी, मम्मीशी भांडली. सी, कांदा. डी, पास झाली. ई, नापास झाली."

ट्रकवरचा माणूस पण थांबला.

मी पोतं खाली ठेवलं. "कार मागं दिसतीय, धड हाय. ए नाय. मम्मीशी भांडलीस की तू खोलीत कोंडून घेतीस, हितं येत नाय. बी नाय. कांदा पोत्यात हाय, चिरलेला नाय. सी नाय."

"हो."

"दोन राहिले."

"हो."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. काहीच कळंना. ओठ थरथरत होते, ते दोन्हीत थरथरतात.

"ई," मी म्हणलं.

"चूक, पप्पा."