मार्कर मालकांच्या हातात दिला तेव्हा

भिया लोग, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय.

टीमच्या मीटिंगा नीट कशा चालवायच्या, ते मी सध्या शिकतेय. आज इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका होलसेल हार्डवेअरच्या दुकानात अशीच मीटिंग घ्यायला गेले होते. प्रश्न एकच होता: हातोद गावाला जाणारा माल रोज उशिरा का निघतो?

पण मालक दिघेसाहेब समोर असताना कोण बोलणार! मी काहीही विचारलं की सगळे साहेबांकडे बघायचे, आणि उत्तर साहेबच द्यायचे.

शेवटी मी बोर्डावर लिहायचा मार्कर त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, "साहेब, आज बाकीचे बोलतील ते तुम्ही फक्त लिहा."

आणि खरंच, ते लिहायला लागले तसे बाकीचे बोलायला लागले. गोदाम सांभाळणारी रेखा म्हणाली, "गाडी भरून झाली की साहेब फोनवर ऑर्डर बदलतात. मग सगळा माल परत उतरवा."

साहेबांनी बोर्डावर लिहिलं, 'समन्वयाचा अभाव'.

रेखा हळूच म्हणाली, "साहेब, मी असं नाही म्हटलं."

मध्ये पडायला माझी जीभ नुसती वळवळत होती, पण कशीबशी गप्प बसले.

साहेबांनी बोर्ड पुसला. लिहिलं, 'गाडी भरल्यावर मी ऑर्डर बदलतो'. मग वळून म्हणाले, "अब ठीक है? चलो, आगे बोलो."

तेव्हापासून विचार करतेय. मी मध्ये बोलले असते, तर बोर्डावर तो 'मी' आला असता का? तुम्हाला काय वाटतं?