पाच शब्दांची तपासणी

शेंद्र्याच्या कारखान्यात माझ्या डोक्याला मार लागला, त्याला सहा वर्षं झाली. असा मार पुढं माणसाला काय करतो, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरबाई मला दरवर्षी दवाखान्यात बोलावतात. पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत विचारतात. याच दवाखान्यानं जीव वाचवला, म्हणून मी कधी चुकवत नाही. पण सातवीत शाळा सोडलेल्या मला ती परीक्षाच वाटायची. नापास झालो तर मशीनवरून काढतील आणि पार किनवटला परत जावं लागेल, ही धास्ती. म्हणून मागच्या वर्षीचे शब्द कॅलेंडरवर लिहून पाठ केले. खोलीतला जोडीदार म्हणायचा, "शाळेत एवढं घोकलं असतं तर साहेब झाला असतास की!"

यंदा बाईंनी तोंड उघडायच्या आतच मी म्हणून टाकलं, "पणती, बैल, डबा, आंबा, रस्ता."

बाई हसल्या. "दादा, मी अजून काही सांगितलंच नाही. आणि हे कागद कारखान्यात जात नाहीत. तुम्ही काय विसरता, तेच तर मला पाहिजे."

मग त्यांनी नवे शब्द सांगितले. मला दोनच आठवले. तेव्हा मी हेही सांगितलं, की कामावरून येताना मी खोलीची गल्ली चुकतो.

"कितीदा?" त्यांनी विचारलं.

"लई वेळा," मी म्हणालो.