टेबलावरचा अंगठा

मिस्त्रींनी जन्मभर लाकडाला पॉलिश केलं. हाताखालच्या माणसांना त्यांचा एकच धाक होता. वरच्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. वाळलं का बघायचं असेल तर खाली वाकायचं आणि फळीच्या कडेखाली, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, अंगठा दाबायचा. वरून दाबणाऱ्याला ते त्याच क्षणी घरी पाठवत. "हाताला चाळा असेल तर हात खिशात घाल," हे त्यांचं वाक्य धंद्यातल्या सगळ्यांना पाठ होतं.

आता गुडघे गेले होते आणि धंदा जावयाकडे होता. जावई त्यांच्याच हाताखाली शिकला होता. लेकीशी लग्न झालं आणि 'अरे'चं 'अहो' करावं लागलं. मिस्त्रींची जीभ तिथे अजून अडखळायची.

शहराबाहेरचा जुना राजवाडा एका धनवान कुटुंबाने विकत घेऊन राहण्याजोगा केला होता. त्याचे फोटो गुळगुळीत कागदाच्या मासिकांत यायचे. जावयाला तिथलं जेवणाचं टेबल मिळालं, राजाच्या काळातलं, अख्ख्या दालनाच्या लांबीचं. मालक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होते. टेबल पसंत पडलं तर वाड्याच्या सगळ्या दारंखिडक्या जावयाकडे येणार होत्या. म्हणजे पुढच्या काही वर्षांची ददात मिटली. देखरेख करणाऱ्या बाई खुशीत होत्या. "घरच्यांना आणा बघायला," त्या म्हणाल्या, "फक्त मागच्या दाराने. आणि कशाला हात लावायचा नाही."

म्हणून मिस्त्री आणि त्यांची लेक आले. राणीच्या न्हाणीघराची आता जोड्यांची खोली झाली होती. भिंतभर फळ्या आणि फळीफळीवर जोडे.

"एवढे जोडे," लेक म्हणाली. "पाय दोनच असतील ना?"

"हळू बोल. ऐकतील," जावई म्हणाला.

"कोण, जोडे?"

मिस्त्रीसुद्धा हसले. जेवणाच्या दालनात शिरेपर्यंत हसत होते.

टेबलात वरचं झुंबर उलटं लटकलेलं दिसत होतं, काच न् काच. मिस्त्री खिडकीच्या बाजूला गेले, उजेड तिरपा पडेल असे उभे राहिले आणि नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. बोळ्याचा फटकारा नाही, धुळीची कणी नाही, हात कुठे थांबला तेही कळत नाही. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. असं काम त्यांच्या हातून उमेदीतही क्वचितच झालं होतं.

घाई केली असणार, त्यांच्या मनात आलं. आतून कच्चं असणार.

लेक आणि जावई खिडकीतून बाग बघत होते. मिस्त्री कडेखाली हात घालायला वाकू लागले. गुडघ्याने साफ नकार दिला. मग त्यांनी वरूनच अंगठा दाबला. ओलं निघावं असं मनात होतं. निघालं, आणि अंगठा उमटला.

ते तसेच दोघांबरोबर बागेत गेले. कातरलेली कुंपणं, गुलाबांचे वाफे, मधोमध कारंजं. माळी हातात पान धरून त्यावरची कीड बघत होता. जावई बाईंना शोधायला आत गेला होता. लेक हरखून गेली होती.

"बाबा, कारंज्यापाशी उभे राहा. फोटो काढते."

मिस्त्री उभे राहिले.

"हात खिशातून काढा की. चोरासारखे काय उभे राहताय?"

हात निघाला नाही. आत जाऊन सांगावं, असं त्यांनी ठरवलं. वळणापर्यंत गेले आणि परतले. कारंज्याच्या कट्ट्यावर बसले. जावयाने किती दिवस खांदा मोडून घासलं असेल, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं? कळून दाबलं, हेच टोचत होतं. तेवढ्यात आतून बाईंचा चढलेला आवाज आला.

"हे काय आहे?" दालनात बाई टेबलाकडे बोट दाखवत होत्या. "उद्या मालक इथे बसणार आहेत."

जावई डागावर वाकला. जरा जास्तच वेळ वाकून राहिला. "चूक माझी, बाई," तो म्हणाला. "सकाळी घाईत हात लागला असेल."

"मग दारंखिडक्या कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला द्यायला?"

मिस्त्री दारात येऊन उभे होते, मागे लेक. त्यांच्या अंगठ्यावर आडवी चीर होती, तरुणपणी पटाशी लागली होती तिची. घरात आणि धंद्यात ती सगळ्यांच्या ओळखीची होती. ती टेबलावरही उमटली असणार.

"बाई, अंगठा माझा आहे," ते म्हणाले.

"बाबा, काहीतरीच काय," लेक म्हणाली. मिस्त्रींनी खिशातून हात काढून पुढे धरला.

बाईंनी अंगठा बघितला, टेबल बघितलं. "आजोबा, हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

"मला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्यांना हेच सांगण्यात माझा जन्म गेला."

"आता एवढंच पुसून घ्या."

"एवढंच केलं तर ठिगळ दिसेल," जावई म्हणाला. "सगळी फळी परत घासून पॉलिश करावी लागेल."

"संध्याकाळी झुंबर लावून बघेन," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

जावयाने बाह्या वर केल्या. मिस्त्री जवळ आले. "तुम्हाला कळलं होतं."

"चीर दिसली, मामा."

"मग अंगावर का घेतलंत?"

"तुम्ही इतक्यांना घरी पाठवलंत. तुम्हाला कोण पाठवणार?"

मिस्त्रींनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं. "गुडघा वाकेना, हे खरं. पण ते ओलं निघावं असं मला वाटत होतं."

जावई पॉलिश पेपर दुमडत होता. दुमडून झाल्यावर म्हणाला, "पॉलिशचा बोळा बांधून देता? तुमच्यासारखा बसत नाही मला."

ही थाप होती. टेबलच सांगत होतं. मिस्त्रींनी स्टुलावर बसून बोळा बांधला, कापसावर सुती कपडा, एकही सुरकुती नाही. त्याहून जास्त त्यांच्याने काही होण्यासारखं नव्हतं. मग ते बघत बसले. जावई या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता आणि परत येत होता, हात न उचलता, घाम टेबलावर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधून. लेक पुन्हा बागेत गेली नाही.

संध्याकाळी बाईंनी झुंबर लावलं. खाली वाकून, तिरपं होऊन, सगळीकडून बघितलं. "ठीक आहे," म्हणाल्या. "उद्या मालकांना दाखवते." दालनाला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. कोणीतरी मिस्त्रींना म्हातारे म्हणून जागा दिली. जावई समोर उभा राहिला. वरचा दांडा धरायला गेला तर खांदा वर जाईना. दुसऱ्या हाताने धरू लागला, तोही दांड्यावरून निसटला.

मिस्त्री पुढच्या सीटला धरून उठले. गुडघे कडकडले.

"बस," ते म्हणाले.

"अहो मामा, तुमचे गुडघे..."

"बस म्हटलं ना."

जावई बसला. उतरेपर्यंत मिस्त्री उभेच राहिले.