डोंग्यातले जिवंत रोहू

आम्ही ढिवर, म्हणजे मासेमार, पण नवऱ्याच्या घरानं तीन पिढ्या पाणी पाहिलं ते नळाचंच. आजेसासरे भंडाऱ्याहून रायपूरला रेल्वेत आले, सासरेही रेल्वेतच लागले, आणि नवरा सिलतऱ्याला लोखंडाच्या भट्टीवर. मी मात्र वैनगंगेच्या काठची. लग्नात माझ्या काकानं त्याला विचारलं होतं, पोहता येतं का, तर म्हणाला, कधी गरज पडली नाही. तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते. लिहिताना तरी मोकळीक असावी.

भट्टीनं त्याची छाती खाल्ली. जिना चढताना छातीतून शिट्टी वाजायला लागली तेव्हा डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, पुन्हा भट्टीसमोर उभे राहिलात तर मग माझ्याकडे येऊ नका, माझ्या हातात काही राहणार नाही. त्यानं नोकरी सोडली आणि आम्ही जिवंत माशांचा धंदा काढला. बर्फातला मासाही रायपुरात खपतो, पण टाकीत फडफडणाऱ्या रोहूची गोष्टच वेगळी. गंगरेल धरणाच्या पलीकडच्या काठावर मासेमार पहाटे जाळं ओढतात. आपण डोंग्यात पाणी भरून जायचं, त्यात मासे घ्यायचे आणि अलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत जिवंत उतरवायचे. ऐकायला सोपं आहे.

पहिल्या दोन्ही खेपांना मासे काठावर आले ते पोट वर करून. गाडी भनपुरीच्या एका व्यापाऱ्याची. माणूस भला, पण दुसऱ्या वेळी त्यानं सांगून टाकलं की तिसऱ्यांदा असं झालं तर गाडी येणार नाही. जिवंत मासा उचलणारा दुसरा कोणी आमच्या ओळखीचा नव्हता. हा धंदा बसला तर नवरा कुठे जाईल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. भट्टीशिवाय त्याला काही येत नाही. मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी म्हटलं, या खेपेला मी येते. त्यानं नको नको म्हटलं आणि मी चप्पल घातली.

डोंगा पत्र्याचा, मागे इंजिन, मध्ये ताडपत्रीचा हौद. पलीकडे मासे चांगले मिळाले, सगळे रोहू, अंगावर तांबूस झाक असलेले. माझ्या मते जरा जास्तच मिळाले. मी म्हटलं, एवढे नका घेऊ. तो म्हणाला, दोन खेपांचं नुकसान भरून काढायचं आहे. परतीच्या वाटेवर माझं काम एकच, भगुण्यानं हौदातलं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत हौदातच ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. माहेरी आम्ही बायका हेच करत होतो. हात थांबला की मासा गुदमरलाच समजा.

धरणाच्या मध्यावर इंजिननं आचका दिला आणि ते बंद पडलं. कोणाचं तरी जुनं फाटकं जाळं पंख्याला गुंडाळलं होतं. नवरा मागे ओणवा होऊन विळ्यानं ते कापायला लागला. ऊन वर चढत होतं आणि पत्रा तापत होता. हौदात एक तोंड वर आलं, मग दुसरं, मग जिकडेतिकडे तोंडंच. मासे वरची हवा ओढत होते. मी जोरजोरात पाणी मारायला लागले. काठ दिसत होता, पण हाक पोचेल एवढा जवळ नव्हता.

त्यानं मागे वळून पाहिलं, विळा ठेवला आणि फळीखालून थर्माकोलचा डबा ओढला. त्यात बर्फ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्यानं सगळा बर्फ हौदात उलटा केला. भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला एकच इलाज माहीत, काही बिघडलं की आधी थंड करा. मासे खरंच खाली गेले. तोंडं दिसेनाशी झाली.

“पाह्य, कसे शांत झाले,” तो म्हणाला.

मी हात घातला. पाणी बोटांना चावत होतं. एक रोहू हळूच कुशीवर कलला आणि माझ्या मनगटाला टेकून तसाच राहिला.

“शांत नाही झाले, मरून राहिले.”

मी दोन्ही हातांनी बर्फ उचलून धरणात फेकायला लागले. तो बघत राहिला, मग त्यानंही फेकला. वरचं थंड पाणी भगुण्यानं बाहेर काढायचं आणि धरणाचं पाणी थोडं थोडं आत घालायचं, एकदम नाही, असं मी ओरडून सांगत होते. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो. तो बादलीनं पाणी ओतत होता आणि त्याच्या छातीतली शिट्टी मला स्पष्ट ऐकू येत होती. मी म्हटलं, बसा जरा. तो म्हणाला, नाकात धूळ गेली. धरणाच्या मधोमध धूळ! सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

कललेला मासा सरळ झाला. हायसं वाटलं, पण पाणी परत कोमट व्हायला लागलं तशी तोंडंही परत वर आली. एवढ्या पाण्यात एवढे मासे जगणार नव्हते. मी सगळ्यात मोठा रोहू दोन्ही हातांनी उचलला आणि डोंग्याच्या काठावरून खाली सोडून दिला. दुसऱ्याला हात घातला तर नवऱ्यानं माझं मनगट धरलं.

“काहून सोडून राहिली? याच्यासाठीच आलो ना आपण?”

“सगळे ठेवान तं एकही नाही राहायचा.”

“अन् अर्धे पाहून त्यानं घेतलेच नाही तं?”

“तं नाही घेतले. पण जिवंत मासा दाखवू त्याले.”

मनगट सुटायला वेळ लागला. मला वाटलं, आता हा चिडून काहीतरी बोलेल आणि मीही बोलेन, आणि आमचं भांडण संपेपर्यंत हौदात काही उरणार नाही. पण तो वाकला आणि स्वतःच मोठे मोठे मासे वेचून पाण्यात सोडायला लागला. प्रत्येक मासा सोडताना त्याचा चेहरा असा, की जणू स्वतःचीच शेवटची आशा सोडतोय. मला त्याची दया आली, पण हात थांबवायची सोय नव्हती. अर्धे मासे गेल्यावर त्यानं परत विळा घेतला, जाळं कापून काढलं आणि इंजिन सुरू झालं.

काठावर व्यापारी गाडीला टेकून उभा होता. त्यानं हौदात डोकावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि हात आत घातला. एका रोहूनं शेपटी मारून त्याचा शर्ट भिजवला. त्यानं सगळे मासे टाकीत उतरवून घेतले आणि झाकण लावलं.

“थोरकिन हे, फेर जियत हे,” तो मग म्हणाला. “काली गाड़ी फेर आही, दीदी.”

कमी आहेत, पण जिवंत आहेत, उद्या परत गाडी पाठवतो. मी तिथेच दगडावर बसले.

परतताना अभनपूरला आम्ही चहाला थांबलो. नवरा मोटरसायकलजवळ उभा राहून फोन लावत होता. पलीकडे सिलतऱ्याचा ठेकेदार आहे, हे मला पहिल्या वाक्यात कळलं. “सोमवार से नहीं आ पाऊँगा, मेरा नाम काट दीजिए,” तो म्हणाला.

भट्टीवर परत येतो, असं त्यानं आधीच कबूल केलं होतं. कधी, असं मी विचारलं. काल, तो म्हणाला. म्हणजे डोंगा पाण्यात घालायच्या आधीच त्यानं हार मानली होती, आणि मला सांगितलंही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. राग आला, इतका की चहा कडू लागला. मरायला जायचं ठरवलं आणि बायकोला कानोकान खबर नाही.

तो ग्लास घेऊन समोर येऊन बसला.

“उद्याबी येशीन का?” तो म्हणाला. “मले एकट्यानं नाही होत. पाणी मारता मारता दम लागते.”

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. दम लागतो का, असं डॉक्टरनं विचारलं, सासऱ्यांनी विचारलं, मी तर रोजच विचारत होते, पण त्यानं कधी कबूल केलं नव्हतं.

“येईन,” मी म्हटलं. “किल्ली द्या, गाडी मी चालवते.”

त्यानं न भांडता किल्ली दिली आणि मागे बसला. रायपूरपर्यंत त्याचा श्वास माझ्या मानेपाशी वाजत होता, आणि त्यानं तो लपवला नाही.